वळणावरची हळद

"रस्ता मोकळा असेल, माझी जबाबदारी!" असं करिश्मानं क्लबच्या मीटिंगमध्ये छाती ठोकून सांगितलं होतं. आणि आता रविवारी भल्या सकाळी ती त्याच रस्त्यावर, रस्ताभर पसरलेल्या लग्नाच्या मांडवासमोर उभी होती. बरं, मांडव परक्याचा असता तर भांडता तरी आलं असतं. तो तिच्या सख्ख्या काकाचा होता.

डोंबिवलीच्या त्यांच्या रनिंग क्लबची शर्यत दरवर्षी एमआयडीसीच्या सरळ रस्त्यानं जायची आणि तशीच परत यायची. करिश्माचं गाव शीळफाट्याच्या बाजूला, शहराला अगदी चिकटलेलं, पण शर्यत तिकडे कधी वळली नव्हती. "गावात नको. तिथं कधी काय होईल सांगता येत नाही," असं सेक्रेटरी प्रीतम म्हणायचा. हे करिश्माला फार लागायचं. यंदा हात धुऊन मागे लागून तिनं मार्ग गावातून वळवून घेतला आणि वळणावर स्वयंसेवक म्हणून स्वतःच उभी राहिली. प्रीतमची एकच अट होती: गोंधळ झाला तर पुढच्या वर्षी गाव बाद.

"काका, तुम्ही अर्धा रस्ता सोडणार होतात ना?"

राघोकाकांनी लुंगी सावरली. "अगो, पावनं किती आलं रातचं! मी काय करू?"

रात्री त्यांच्या मुलाची, नयनची हळद होती, आज संध्याकाळी लग्न. काकांच्या घरच्या हळदीला माणसं मोजून येत नाहीत, आणि आलेल्याला नको म्हणायची त्या घरात पद्धतच नाही. मांडव आज काही हलत नव्हता.

"मग खुर्च्या तरी बाजूला करा. शर्यत मांडवातूनच जाईल. मधल्या खांबाला वळसा घालायचा आणि परत फिरायचं!"

झोपेतून उठवलेल्या पाहुण्यांनी भराभर खुर्च्या उचलल्या. करिश्माला जरा हुरूप आला, आणि तिनं क्लबनं पाठवलेला खोका उघडला. त्यात रिबिनी असायला हव्या होत्या. वळणावर पोचलेल्या प्रत्येकाच्या हातात एक रिबीन द्यायची, म्हणजे तो खरंच इथवर आला याचा पुरावा. रिबीन नाही तर बक्षीस नाही. खोक्यात केळी होती.

तिनं प्रीतमला फोन लावला.

"अरे, रिबिनी कुठायत? इकडे केळी आलीत!"

"काय सांगतेस! टेम्पोवाल्यानं खोके बदलले वाटतं. तो फोनपण उचलत नाहीये. करिश्मा, पहिले रनर निघालेत तिकडे. मी बोललेलो ना तुला, गावात नको म्हणून?"

टेम्पोवाला काही गावचा नव्हता, पण हे ऐकून घ्यायला प्रीतमनं फोन चालू ठेवला नाही. करिश्माला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात बायजाकाकी, म्हणजे नवरदेवाची आई, रात्रीच्या हळदीचं पातेलं घेऊन नळाकडे निघाली. पातेल्यात चांगली अर्धी हळद उरली होती.

"काकी, थांब! धुऊ नको ते!"

"का गो?"

"येईल त्याच्या दोन्ही गालांना हळद लावायची. एकालाही सोडायचं नाही."

कारण विचारत बसायला काकी काही क्लबची सभासद नव्हती. तिनं पदर खोचला, दोन जावांना हाक मारली आणि वळणावर तिघी उभ्या राहिल्या.

पहिला आला सुशांत. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये काम करणारा, हडकुळा, घामानं निथळलेला. मांडव पाहून तो बिचकला, पण करिश्मा हात हलवत ओरडली, "आत ये! खांबाला वळसा मार!" तो वळला आणि काकीनं त्याचे दोन्ही गाल रंगवले. मग दोघे आले, मग पाच, मग लोंढाच. हळदीत रात्रभर वाजवून दमलेले बेंजोवाले कोपऱ्यात पेंगत होते. एवढी माणसं आत घुसलेली पाहून त्यांना वाटलं वरात आली, आणि त्यांनी दणक्यात सुरुवात केली. निम्मे लोक धावायचं सोडून नाचायला लागले.

"अहो पळा! ही शर्यत आहे!" करिश्मा घसा फोडून ओरडत होती आणि हसतही होती.

"काकी, मला नको, माझं लग्न झालंय!" एक पोटवाले गृहस्थ म्हणाले.

"मंग काय झाला? परत कर!" म्हणत काकीनं त्यांचे गाल पिवळे केले.

आतून चहा आला. काकांनी केळी वाटली. शेवटच्या आजोबांना तर बेंजोवाले वेशीपर्यंत वाजवत सोडून आले. करिश्माला इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा तिला कळेना. तिचं गाव शर्यतीत आलं होतं, आणि कसलं वाजतगाजत आलं होतं!

काकांच्या गाडीतून ती काका-काकींना घेऊन शर्यतीच्या मैदानावर पोचली, तेव्हा बक्षीस समारंभ सुरू झाला होता. मैदानभर पिवळे गाल. स्टेजवर प्रीतम माइकवर बोलत होता, "गावातल्या वळणावर फार गोंधळ झाला. रिबिनी नव्हत्या, मांडव होता, नाच झाला. पुढच्या वर्षी आपण जुन्याच मार्गानं..."

करिश्मा गर्दीतून पुढे सरकली. प्रीतमच्या शेजारी, पहिल्या क्रमांकाच्या पायरीवर, त्याचाच मावसभाऊ विकी मेडल घालून उभा होता. गोरापान, स्वच्छ.

करिश्मा थेट स्टेजवर चढली.

"विकी, तुझी हळद कुठाय?"

"पुसली," विकी म्हणाला.

"कशानं?"

"पाण्यानं. तोंड धुतलं मी."

मैदान खो खो हसलं. दुसऱ्या पायरीवरच्या सुशांतनं आल्या आल्या बाटल्याच्या बाटल्या डोक्यावर ओतून घेतल्या होत्या. त्याची बनियन पिवळी झाली होती, गाल मात्र होते तसेच होते.

"पानी आना रे कोनीतरी," खालून काकी म्हणाली. "ह्यो कशी पुसतो मना पन बघू दे."

विकीची मान खाली गेली. मांडव दिसला तसा तो वेशीवरूनच देवळामागच्या गल्लीनं परत फिरला होता. प्रीतमनं माइक बाजूला ठेवला. मग त्यानं भावाच्या गळ्यातलं मेडल स्वतःच्या हातानं काढलं आणि सुशांतच्या गळ्यात घातलं. करिश्माला त्या क्षणी प्रीतम पहिल्यांदाच आवडला.

"मार्ग हाच राहील," तो माइकवर म्हणाला. "आणि पुढच्या वर्षी रिबिनी मागवायच्या नाहीत. हळदच लावायची!"

शिट्ट्या, टाळ्या, आरडाओरडा. जिंकलो, जिंकलो, असं करिश्माच्या मनात नुसतं वाजत होतं.

राघोकाका मात्र विचारात पडले होते. "हलद लावाची, पन पुढचे वर्सी आपले घरान लगीन कोनाचा हाय?"

काकीनं वर स्टेजवर पाहिलं. काकांनी पाहिलं. मग एकेक करत सगळ्या मैदानानं करिश्माकडे पाहिलं, आणि सकाळपासून एका जागी उभी असलेली ती पोरगी स्टेजवरून उडी मारून अशी काही पळत सुटली, की सुशांतलाही गाठता आली नसती.