एका खटक्याची पाच विमानं

कारखान्यात मामांना सगळे नन्नासाहेब म्हणत, अर्थात त्यांची पाठ वळली की. शिकाऊ वैमानिकांसाठी बनवलेलं विमान हवाई दलानं ताब्यात घ्यायचं की नाही, हे त्यांच्या सहीवर ठरायचं आणि त्यांचा नन्नाचा पाढा साऱ्या हँगरला पाठ होता. दार नीट बसत नाही? नाही. काचेत बुडबुडा? नाही. त्यांच्यासमोर हात चोळत उभे असायचे कारखान्याचे व्यवस्थापक, म्हणजे नक्कीसाहेब. हे नाव त्यांनी स्वकष्टानं कमावलं होतं. "पुढच्या महिन्यात नक्की" हे वाक्य ते वर्षानुवर्षं न चुकता म्हणत आले होते, आणि कारखान्यातून तेवढी एकच गोष्ट वेळेवर बाहेर पडत होती.

विमानांची मागणी नोंदवली तेव्हा मामांची भाची नववीत होती. तीन वर्षांत देतो म्हणाले होते. पोरगी बारावी झाली, पदवीधर झाली, निवड होऊन शिकाऊ वैमानिकही झाली, आणि विमानं आपली घडतच होती. आधी इंजिन झाकणात मावेना. झाकण मोठं केलं तर चाक पोटात जाईना. मग खुर्च्या आल्या, त्या भलत्याच मापाच्या. भाची दोन वर्षं वर्गात बसून फळ्यावरचं विमान उडवत होती.

मामा राहायचे थोरल्या बहिणीकडे, त्यामुळे कारखान्यातली कटकट संपली की घरची सुरू.

"सही करताना तुझा हात झिजतो का रे?" ताई विचारायची.

"ताई, विमान चांगलं असलं की मी एका दमात दहा सह्या करीन."

"तोवर पोरीचे केस पांढरे होतील!"

त्यात वरून पत्र आलं. शनिवारपर्यंत जेवढी विमानं मंजूर होतील, तेवढ्यांवर शिक्षण सुरू, एका विमानामागे सहा जण. उरलेल्यांची रवानगी कोठारात, नटबोल्ट सांभाळायला. पुढच्या तुकडीत जागा मिळाली तर मिळाली. भाची यादीत अकरावी होती.

"म्हणजे दोन विमानं झाली की मी आत," ती बोटं मोजत म्हणाली. "मामा, दोनच रे!"

कारखान्यानं कंबर कसली आणि पाच विमानं रांगेत उभी केली. मामांची एक पद्धत होती, तिचा त्यांना भारी अभिमान. एका दिवशी एकच विमान बघायचं, दुसऱ्याकडे मान वळवायची नाही. पास झालेल्या प्रत्येक बोल्टवर ते रंगाची बारीक रेघ ओढत, बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत. बोल्ट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते. त्यासाठीचा सरकारी रंग वरच्या कचेरीतून दोन वर्षं निघालेलाच होता, पोचला नव्हता. निवड झाली त्या दिवशी भाचीनं आपली जांभळ्या नेलपेंटची बाटली मामांच्या हातात ठेवली होती. "आता मला नखं रंगवायला परवानगी नाही. तुझे बोल्ट रंगव."

सोमवारी पहिलं विमान पास झालं. मंगळवारी दुसरं. आजवर घोडं अडायचं ते खुर्चीच्या खटक्यावर. वैमानिकाच्या उंचीप्रमाणे खुर्ची रुळांवर पुढेमागे सरकते आणि खटका तिला जागेवर धरतो. आतापर्यंतचा एकही खटका धड धरत नव्हता. या वेळी मात्र असा झकास बसला, की मामांनी खुर्ची दोन्ही हातांनी ओढली तरी ती हलेना. मंगळवारी संध्याकाळी भाचीनं मामांना धरून घरभर नाचवलं, आणि ताईनं आपणहून दुसऱ्यांदा चहा विचारला. हे गेल्या कित्येक महिन्यांत घडलं नव्हतं.

बुधवारी मामा तिसऱ्या विमानात शिरले. टॉर्च घेऊन खुर्चीखाली वाकले. खटक्याच्या बोल्टच्या खाचेत जांभळा रंग होता.

आज त्यांनी बाटली अजून खिशातून काढलीही नव्हती.

कुणीतरी बोल्ट घासून पुसला होता, पण खाचेतला रंग राहून गेला होता. मामा बराच वेळ तसेच वाकून राहिले. मग बाहेर आले. "पाचही विमानं उघडा. आत्ता. एकदम."

"पाचही? पण आपली पद्धत तर रोज एक..." नक्कीसाहेब अडखळले.

"पद्धत बदलली."

कालचं विमान. मामांनी खुर्ची ढकलली, सरकली. परवाचं, सरकली. चौथं, पाचवं, तीच गत. मामांनी फिटरकडे पाहिलं. तो पायांशी बघत म्हणाला, "साहेब, पन्नास खटके आले होते. त्यातला एकच धरतो. तुम्ही घरी गेलात की आम्ही तो काढून दुसऱ्या दिवशीच्या विमानाला लावायचो."

याची टोपी त्याला! आणि ही टोपी फिरवायला रोजची सवड कुणी दिली होती? मामांच्याच लाडक्या पद्धतीनं. मामांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"बाकीचे खटके पुढच्या महिन्यात..." नक्कीसाहेब म्हणाले.

"नक्की," मामांनीच वाक्य पुरं केलं.

नक्कीसाहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त सहा वर्षं उशिरानं धावत होता. "हे बघा, पहिल्या दोन सह्या झाल्याच आहेत. तुमच्या भाचीचं काम झालं. राहिलेल्या तिन्हींवर काय हवं ते लिहा. त्या दोन विमानांना खटके आम्ही शोधू कुठून तरी."

सही झाली होती, हे खरंच होतं. काहीच करायचं नव्हतं, नुसतं घरी जायचं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग सोमवारची सही खोडली. मंगळवारची खोडली. तिसरं विमान, ज्यात तो एकुलता एक खटका होता, तेवढं मंजूर केलं आणि खाली लिहिलं: तपासणीची पद्धत चुकीची होती, चूक माझी.

घरी सांगितल्यावर भाची उठली. खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. ताई मात्र बोलली. "परक्याच्या पोरीसाठी केली असतीस सही!" त्यानंतर तिनं मामांशी अबोला धरला. चहाचा कप टेबलावर आदळायचा, की समजायचं चहा झाला.

शनिवारी यादी लागली. सहा नावं. रविवारी सकाळी भाची खोलीतून बाहेर आली. डोळे सुजलेले होते.

"मामा, एका खटक्यानं काय होतं ते मला सांग. पुस्तकातलं नको."

मामांनी तिची अभ्यासाची चाकांची खुर्ची बाहेर ओढली. याच खुर्चीवर बसून ती दोन वर्षं विमान शिकली होती. कोपऱ्यातली छत्री त्यांनी तिच्या गुडघ्यांमध्ये उभी धरायला दिली. "हा विमानाचा दांडा. पट्ट्यानं तू खुर्चीला बांधलेली आहेस. धावपट्टी संपत आली. उचल."

भाचीनं समोर नजर लावली. ओठांतल्या ओठांत वेग मोजला आणि छत्री हलकेच, अगदी बोटभर मागे घेतली. त्याच क्षणी मामांनी खुर्ची हातभर मागे ओढली.

छत्री तिच्या पोटाशी आली होती. मूठ घट्ट आवळलेली.

"सोडली का नाहीस?" मामांनी विचारलं.

"सुटलीच नाही." ती मुठीकडे बघत राहिली. "म्हणजे नाक सरळ आकाशात."

"आणि खाली जमीन हाकेवर."

"पुन्हा कर."

या वेळी तिनं छत्री सोडायची असं आधीच ठरवलं होतं. सोडलीही. छत्री खळकन जमिनीवर पडली आणि तिचे दोन्ही हात हवेत राहिले, रिकामे.

"पुन्हा."

"पुरे!" दारातून ताई ओरडली. ती कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. तरातरा आली आणि तिनं खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. "दुसऱ्या विमानात कोण बसणार होतं?"

भाचीनं छत्री उचलली. "उद्या. मी."

मग भाचीनं मामांपुढे हात पसरला. "बाटली दे. अर्धी मला लागेल."

"कशाला?"

"उद्यापासून कोठारात आहे ना मी. नवे खटके आधी माझ्या हाताखालून जाणार. एकेक ओढून बघीन." नाक पुसत ती म्हणाली. "आणि मामा, सगळे एकदम. रोज एक नाही."

मामांनी बाटली दिली. मग ते चष्मा पुसत बसले.

"चहा ठेवू का रे?" ताईनं विचारलं. विचारलं खरं, पण खुर्ची सोडून ती स्वयंपाकघरात काही गेली नाही.