काळोखपेठेत पहाट

उजेड आधी फडताळाच्या वरच्या फळीवर पडत असे. खिडकीतून आडवा येणारा तो पहिला पट्टा बरण्यांच्या झाकणांवर काही वेळ नुसता टेकून राही. मग बाहेर सूर्य जसजसा वर चढे, तसतसा तो आत खाली उतरे: दुसरी फळी, तिसरी फळी, गॅसच्या नळीची निळसर वळी, ओट्याची झिजलेली कड. उतरताना त्याचा तांबूसपणा ओसरे. पातेल्याच्या झाकणाला त्याचा स्पर्श झाला की एक थरथरता कवडसा छतावर उडे आणि आईने झाकण उचलले की नाहीसा होई. शेवटी तो फरशीवर यायचा आणि खिडकीकडे परतू लागायचा. या सगळ्यात विशेष असे काहीच नव्हते. तरी तो तरुण हातातला चहा निववत रोज त्याच्याकडे बघत बसे.

संगणकावरच्या एका खेळातल्या ज्या जगाचे आकाश तो दोन वर्षे आखत होता, तिथे उजेड कधीच सरकणार नव्हता. त्या खेळातल्या ग्रहाची एकच बाजू सतत आपल्या तांबड्या सूर्याकडे असे. एकीकडे न संपणारी दुपार, दुसरीकडे न संपणारी रात्र, आणि मधल्या संधिप्रकाशाच्या अरुंद पट्ट्यात वस्ती. शास्त्राच्या बाबतीत तो कुणाचे ऐकून घेत नसे. पात्रांच्या तोंडचे ‘सकाळी भेटू’ त्याने खोडून काढले होते; ‘उद्या’च्या जागी ‘एक झोप झाल्यावर’ लिहायला लावले होते. कचेरीत सगळे त्याला मास्तर म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत नसत.

"आज तोंड का उतरलंय?" आईने विचारले.

"काल खेळात घोळ झाला. काळोखपेठ म्हणून एक गाव आहे, कायम अंधारातलं. तिथे पहाट झाली."

"बरं झालं की. बिचारी माणसं!"

"आई, तिथे पहाट होऊच शकत नाही." त्याने कप ठेवला. "तू सूर्य. मी ग्रह. हे बघ, माझं तोंड सारखं तुझ्याकडेच." आणि स्टुलावर बसलेल्या आईभोवती तो खेकड्यासारखा आडवा चालू लागला. "मी फिरत नाही. म्हणून माझ्या पाठीला ऊन लागत नाही."

आई शेंगा सोलता सोलता बघत होती. "फिरत कसा नाहीस? आत्ता तुझी पाठ खिडकीला होती, मग दाराला झाली, आता फडताळाला आहे. तीन भिंती झाल्या की तुझ्या पाठीच्या."

तो थबकला.

"ते वेगळं असतं, आई."

"असेल बाबा. मला काय कळतंय तुमच्यातलं."

पण ते वेगळे नव्हते, आणि हे त्याला तिथेच, एक पाय उचललेला असताना कळले. तोंड सतत सूर्याकडे ठेवून एक फेरी मारायची तर स्वतःभोवतीही एक गिरकी घ्यावीच लागते. स्वतःभोवती न फिरणाऱ्या ग्रहावर सूर्य हळूहळू सगळे आकाश ओलांडून जाईल. जिना उतरताना मात्र तो स्वतःला बजावत राहिला, की खेळात मांडलेल्या दिव्यांचीच चूक असणार.

कचेरीतही सगळे तेच म्हणत होते. खेळ तपासून त्यातले ‘किडे’, म्हणजे चुका, शोधणाऱ्या आणि म्हणून किडा म्हणवल्या जाणाऱ्या मुलाने आदल्या दिवशी नऊ ते पाच सलग खेळून ती पहाट पाहिली होती. त्याआधी जो तो पाव तास बघून खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करी, त्यामुळे कुणाच्या लक्षात आले नव्हते. काळोखपेठेतला प्रत्येक कंदील मांडणाऱ्या चित्रकार मुलीला सगळे दिवाबत्ती म्हणत. खापर तिच्या माथी फुटले होते.

"दोनशे चौदा दिवे," ती म्हणत होती, "एकेक तपासला. जास्तीचा एकही नाही, काका."

काका म्हणजे त्यांचा प्रमुख. वय पस्तीस, केस मात्र साठीचे. "मग उजाडलं कसं? कोंबडा आरवला म्हणून?"

किडा हसला. दिवाबत्ती हसली नाही.

"हे बघ, काळोखपेठेचं काम बाहेर कुणाला तरी देतो," काका म्हणाले. "तू मेनूची बटणं रंगव."

आठ महिने तिने त्या अंधाराला वेगवेगळ्या छटा दिल्या होत्या: विहिरीतला काळा, बर्फावरचा काळा, घराच्या आतला काळा. मास्तर आपल्या जागी जाऊन बसला. आकाशाच्या तक्त्याला त्याच्याखेरीज कुणी हात लावत नसे. सूर्याभोवती एक फेरी: बारा दिवस. स्वतःभोवतीची गती: रोज शून्य अंश. त्याने शून्य खोडून तीस लिहिले आणि घड्याळ भरधाव सोडले. खेळातले पूर्ण वर्ष सरले. काळोखपेठेत काळोखच राहिला.

"थांबलं!" किडा ओरडला. "पहाट गेली!"

"बघ," काका दिवाबत्तीला म्हणाले, "एखादा दिवा राहिलाच होता ना? होतं असं."

"मी आज काहीच काढलेलं नाही."

"जाऊ दे आता. झालं गेलं."

दिवाबत्तीने संगणकावर चित्र काढायच्या पाटीची तार उपटली आणि बोटांवर गुंडाळू लागली. तिचे डोळे कोरडे होते. ते भरून आले असते तर कदाचित त्याला गप्प बसणे सोपे गेले असते.

"तक्त्यात एक आकडा चुकला होता," मास्तर म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "शून्य होतं, मी आत्ता तीस केलं. टंकनाची चूक."

"कुणाची?" काकांनी विचारले.

दिवाबत्तीची बोटे थांबली. "तीसच्या जागी शून्य, मास्तर? कुठलं बटण चुकून दाबलं गेलं?"

एखादे बटण सुचले असते तर तो तेही बोलला असता.

"टंकनाची नव्हे," तो म्हणाला. "दोन वर्षं मला वाटत होतं, की तो ग्रह स्वतःभोवती फिरतच नाही."