प्रसाद घेतला तो राजी

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी डिचोलीकडच्या एका नदीकाठच्या वाड्यालाही आपले कायदे आपणच करायचा हुरूप आला. बैठकीत मान डोलवायची आणि घरी जाऊन हात वर करायचे, या खोडीवर देवळाच्या समितीने औषध काढलं. ठराव वाचला की प्रसादाचं ताट फिरेल. प्रसाद घेतला तो राजी. बायकांना तर हे फारच आवडलं. पुरुषांसमोर बोलायला नको, हात पुढे केला की झालं. कमलाक्षीलाही आवडलं होतं, बिचारीला!

दोन वर्षांनी ठराव आला. खाणीचे ट्रक तिच्या शेतातून नदीच्या धक्क्यावर जातील, बदल्यात खाणवाले देवळाचा सभामंडप बांधून देतील. नवऱ्यामागे तिला तेवढंच शेत उरलं होतं. "माजां भात उभां आसा," ती मागच्या रांगेत पुटपुटली. शेजारच्या सुलोचनाने ते ऐकलं, पुढे कुणी नाही. तेवढ्यात ताट आलं. देवाच्या प्रसादाला नको कसं म्हणायचं? तिने ओंजळ पुढे केली.

सोमवारी ट्रक तिच्या लोंब्यांवरून गेले. ती वाटेत आडवी झाली तेव्हा समितीचा सगुण आला, अगदी गोड बोलत.

"वयनी, परसाद घेतलंस मां?"

"देवाचो घेतलंय. तुमच्या ठरावाचो न्हय."

"ताट एकच असता, वयनी."

तिचं डोकं सणकलं. पण ती रडत घरी बसणारी नव्हती. नियमच बदला, असा तिने अर्ज दिला: प्रसाद वेगळा, ठराव वेगळा, ज्याचं नुकसान होणार त्याला नाव घेऊन विचारा आणि त्याच्या तोंडून हो घ्या.

पुढची बैठक नव्या सभामंडपात भरली. सगुणने अर्ज खणखणीत आवाजात वाचला. विरोधात कुणी ब्र काढला नाही. कमलाक्षीला वाटलं, जिंकले.

मग ताट निघालं. सगुणने त्याला भक्तिभावाने नमस्कार केला आणि पुढे सरकवलं. पुढच्यानेही तेच केलं. रांगेमागून रांग, चाळीस माणसं हात जोडत गेली. सुलोचनाने तर हात पदराखालीच ठेवले आणि मान खाली घातली. भरलेलं ताट कमलाक्षीपुढे येऊन थांबलं.

देवाचा प्रसाद नाकारता येतो, हे अख्ख्या वाड्याला ठाऊक होतं. तिलाच तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.