एका थेंबानंच का?

"मामा, मोबाइल जरा वर घ्या. मुलांना ब्युरेटची तोटी दिसत नाहीये," मॅडम म्हणाल्या आणि मामांनी स्टँडला बांधलेला मोबाइल दोन बोटं वर सरकवला.

साथ आली, विद्यापीठाला कुलूप लागलं. मॅडम आपल्या घरी, मुलं आपापल्या घरी. प्रयोग मात्र घरी होईना. म्हणून रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये उरले एकटे मामा, तिथले परिचर. हात मामांचे, बोलणं मॅडमचं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी काचेची भांडी धुतली, द्रावणं मांडली आणि तास सुरू झाला की दार ओढून ते बाहेर पडले. आत काय शिकवतात, याचा त्यांना पत्ताच नव्हता. आता सगळं थेट कानात! मामा जिवाचा कान करून ऐकत. म्हातारपणी कॉलेज लागलं म्हणून बायको चिडवायची.

एक कोडं मात्र फार जुनं होतं, दाराच्या काचेतून कितीदा पाहिलेलं. फ्लास्कमधल्या आम्लात वरच्या ब्युरेटच्या नळीतून अल्कलीचे थेंब पडत राहतात, रंग ढिम्म बदलत नाही. मग एकाच थेंबासरशी सगळं गुलाबी. विचारायचा धीर कधी झाला नव्हता. शनिवारी ते निवृत्त होणार होते आणि हा त्यांचा शेवटचा तास होता. आज राहिलं की कायमचं राहिलं.

थेंब पडला, रंग फिरला आणि मामांच्या तोंडून निघूनच गेलं, "पण एका थेंबानंच का?"

मामांच्या मोबाइलचा माइक बंद करायचा राहिला होता. मुलांपैकीच कुणी बोललं असं वाटून मॅडम खूश झाल्या. वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं म्हणे. रोल नंबर सांगा, तरच उत्तर देईन, असं त्यांनी हसत बजावलं. मामांना कुठला रोल नंबर? गप्प राहिलं तर निभावलं असतं, पण उत्तर हातचं गेलं असतं.

"मॅडम, मी विचारलं. मामा."

मॅडम सावकाश बोलू लागल्या.

"आम्ल शिल्लक असेपर्यंत प्रत्येक थेंब त्याच्याशी झुंजण्यात खर्ची पडतो, मामा. ते संपलं की पुढचा थेंब मोकळा राहतो आणि तेवढाच आपल्याला दिसतो. काम आधीच्यांनी केलेलं असतं."

मामांना एकदम भरून आलं. आणखी काही विचारायचंय का, असं मॅडमनी विचारलं.

"आहे की. बरंच आहे."

"मग बसून घ्या निवांत."

तास चालू असताना मामा त्या लॅबमध्ये कधी बसले नव्हते. त्यांनी मुलांचं एक स्टूल ओढलं, हातानं पुसलं आणि ते पहिल्या रांगेत बसले.