निम्मं मीठ

सासरे आणि सून मिळून चालवत त्या बेकरीत मीठ किती घालायचं हे मोबाइलमधला एआय मदतनीस, म्हणजे 'शहाणा', सांगायचा. हे नाव सासऱ्यांनीच ठेवलेलं, आणि त्यात कौतुक कमीच होतं. कारण ऑर्डरप्रमाणे प्रमाण काढून देताना सुरुवातीला तो मीठ हटकून दुप्पट सांगे. सासरे निम्मं घालत आणि मिशीत हसत.

पुढे शहाणा सुधारला, सासरे काही सुधारले नाहीत. तो बरोबर सांगू लागला तरी यांचा हात निम्म्यावरच. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, इथे तर अख्ख्या गल्लीच्या लाडक्या माणसाचे पाव अळणी निघायला लागले. गिऱ्हाइकं कुरकुरली, तेव्हा सासऱ्यांनी मीठवाला बदलला.

"बाबा, तो आता बरोबर सांगतो," सून एकदा म्हणाली.

"त्याची खोड मला ठाऊक आहे. तू ट्रे लाव."

झालं. सुनेने वाद घातला नाही. तिने गुपचूप शहाण्यालाच सांगून ठेवलं, बाबांनी मीठ विचारलं की दुप्पट सांगत जा. पाव पुन्हा चवीला आले, आणि यंत्राला कसं वागवावं हे आमच्याकडून शिका, असं सासरे भेटेल त्याला सांगत सुटले. सून मान डोलवायची. तिला मनातून फार मजा वाटत होती.

मग एका हॉटेलवाल्याने नमुन्याचे पाव मागवले. त्याची रोजची ऑर्डर मिळाली तर दुसरी भट्टी घ्यायची आणि ती सुनेने चालवायची, असं ठरलेलं. पाव नेले. हॉटेलवाल्याने एक घास खाल्ला आणि पाणी मागितलं. पाव खारट ढुस्स झाले होते.

"उद्या परत आणा," तो कसाबसा म्हणाला.

बेकरीत येताच सासऱ्यांनी शहाण्याला फैलावर घेतलं. त्याने सरळ लिहिलं, 'तुम्ही निम्मं घालता, म्हणून सूनबाईंनी मला दुप्पट सांगायला सांगितलंय.'

सुनेला तोंड कुठे लपवू असं झालं.

"आणि मी म्हटलं, सून म्हणतेय तर आज तरी त्याचं ऐकावं," सासरे म्हणाले. "सगळं घातलं." ते रागावले नव्हते, चांगलेच ओशाळले होते.

तिने त्यांच्यासमोर ती सूचना काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी शहाण्याने मीठ सांगितलं. सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं, सुनेने सासऱ्यांकडे. मग दोघांनी मळलेल्या पिठाची चिमूट जिभेवर ठेवली. शहाणा आल्यापासून हे कुणी केलंच नव्हतं.

"बरोबर आहे," सासरे म्हणाले. "पण त्याला सांगू नकोस. डोक्यावर बसेल."