पूर्वीच्या पोटात मला उशिरा पाहू दिलं

मी पापडीतल्या एका छोट्या दवाखान्यातली सोनोग्राफीची मशीन. रोज पोटांमधलं ऐकते. आज तुम्हाला चार शब्द ऐकवते. गोड नाहीत.

जन्म परदेशी कारखान्यातला. मला डोळे नाहीत. मी आवाज आत पाठवते, तो आदळून परत येतो आणि पडद्यावर चित्र उमटतं. यकृत, मूत्रपिंड, पित्ताशय, सगळं दाखवते. इथे आल्यावर कळलं, माणसांच्या लेखी पोटात एकच गोष्ट असते, बाळ. गर्भलिंग सांगितलं जात नाही, अशी पाटी भिंतीवर आहे. तिच्याखालीच उभं राहून सासवा कुजबुजतात, "डॉक्टर, पेढे की बर्फी?" आणि ह्याच बाया दसऱ्याला मला झेंडूचा हार घालतात!

एका बुधवारी सांडोरची पूर्वी आली. वय अकरा. बेंबीजवळ सुरू झालेलं दुखणं उजवीकडे खाली उतरलं होतं. पोर वाकून चालत होती. डॉक्टर प्रीतल म्हणाल्या, "अपेंडिक्स वाटतंय. लगेच सोनोग्राफी करू."

तिचे वडील जयवंत, केळीच्या वाडीचे मालक, दारातच अडले. "पोरीची सोनोग्राफी? मॅडम, बाहेर बाकावर निम्मं गाव बसलंय. उद्या काय काय बोलतील!"

"दादा, सुजण्याआधी अपेंडिक्स लग्न झालंय का ते विचारत नाही."

"नको. गॅसचं औषध द्या. बहीण म्हणते, बेंबी सरकलीय. ती तेल लावून बसवेल."

आई रचना काही बोलणार, तोच जयवंतने डोळे वटारले. तिघं निघून गेली. मी तिथेच होते, चार पावलांवर, चालू.

मालन आत्याने दोन दिवस ते पोट चोळलं. काय तो विश्वास! सुजलेल्या नळीवर दाब द्यायचा आणि वर म्हणायचं, हाताला गुण आहे.

शुक्रवारी पूर्वीला उचलून आणलं, तापाने फणफणलेली. जयवंत पुन्हा बाकाकडे बघायला लागला, तशी रचना कडाडली, "ती माणसं घेणारेत का हिचं दुखणं? व्हा बाजूला!"

"पूर्वी, एका बोटाने दाखव, सगळ्यात जास्त कुठे?" प्रीतलनी तिथेच मला हलकेच टेकवलं. दाबूनही चपटी न होणारी जाड नळी, भोवती पू. अपेंडिक्स फुटलं होतं. मला ते दर वेळी सापडतंच असं नाही, पण बुधवारी विचारून तर बघायचं!

मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. पोर वाचली. चिमुकल्या छेदावर भागलं असतं, तिथे वीतभर व्रण आणि बारा दिवस खाट.

महिन्याने ती तपासणीला आली. बाकावरच्या बाईने विचारलं, "गो पूर्वी, तू इथं कशाला?"

"सर्दी झालीय तिला," जयवंत घाईने म्हणाला.

"सोनोग्राफी आहे माझी," पूर्वी सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "दुसरी. पहिली बाबांनी उशिरा करू दिली."

जयवंत स्वतःच्या चपला बघत राहिला. इतक्या वर्षांत माझं नाव इतक्या मोठ्याने कुणी घेतलं नव्हतं. तुम्हीही घ्या की, जीभ झडत नाही.

ती आत येऊन टेबलावर चढली, व्रणाशेजारी बोट ठेवून म्हणाली, "इथे दुखायचं. आता नाही."

मी पाहिलं. खरं होतं.