पिवळ्या कपात कॉफी होती

रविवारी दुपारी सोइला मावशीने कलिंगडाचा रस ग्लासात ओतला. ग्लास भरला, रस टेबलावर आला, टेबलावरून तिच्या मांडीवर आला, तरी ती ओततच राहिली.

मारियुक्सीने झटकन तिचा हात धरला. "मावशी, अगं भरला ना ग्लास!"

"दिसतंय मला. तुझ्याकडे बघण्याच्या नादात भान राहिलं नाही."

पण ती मारियुक्सीकडे बघत नव्हती. तिची नजर मारियुक्सीच्या कानाशेजारच्या भिंतीवर होती.

मारियुक्सीला या मावशीनेच वाढवलं होतं. आई स्पेनला म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली तेव्हा मारियुक्सीचे दुधाचे दात पडत होते. सुरुवातीला आईचे फोन यायचे, मग तिचा तिकडे नवा संसार झाला आणि फोन विरळ होत गेले. ग्वायाकिल शहराच्या खाडीकाठच्या वस्तीत, पुढच्या खोलीत शिलाई मशीन चालवून मावशीने घर ओढलं. शाळांचे गणवेश, लग्नाचे झगे आणि जुलैच्या सणात वस्तीची राणी व्हायला उभ्या राहणाऱ्या पोरींचे पोशाख ती शिवायची. एका वर्षी मापं घेता घेता ती वैतागून म्हणाली, "लोकांच्या पोरींना किती सजवू मी? तूच उभी राहा की." मारियुक्सी उभी राहिली आणि राणी झाली.

मग टायरच्या दुकानाचं कॅलेंडर आलं, बियरच्या जाहिराती आल्या, आणि पुढे एका वाहिनीवरच्या बक्षिसांच्या खेळात पडदा सरकवून फ्रीज दाखवायचं काम मिळालं. तिथे तिने बोलायचं नव्हतं, नुसतं हसायचं. एकदा थेट कार्यक्रम चालू असताना निवेदकाला ठसका लागला आणि तो काही केल्या थांबेना. मारियुक्सीने त्याच्या हातातला माइक काढून घेतला आणि समोरच्या बायकांना म्हणाली, "याला कुणीतरी पाणी पाजा गं. तोवर हा फ्रीज कुणी न्यायचा ते आपण आपसात मिटवू." लोक पोट धरून हसले. वर्ष उलटायच्या आत सकाळचा कार्यक्रम तिच्याकडे आला.

ती शब्दांची शेपटं खाऊन बोलायची, खाडीकाठची सगळी माणसं बोलतात तशी. वाहिनीवरचे एक साहेब तिचे उच्चार सुधारायला निघाले होते. बायकांचे इतके फोन आले की साहेबांनी नाद सोडला. ही आपली आहे, आपल्याशी खोटं बोलणार नाही, असं त्या बायकांना वाटायचं. नेमक्या याच कारणासाठी हिरव्या डब्यातली पावडर विकणाऱ्यांनी तिला गाठलं. कसल्याशा मुळ्यापाल्याची पावडर होती ती, पाण्यात कालवून प्यायची. रोज कार्यक्रमाच्या मध्यावर मारियुक्सी पिवळा कप उचलायची, घोट घ्यायची आणि म्हणायची, "शुगर असो, प्रेशर असो, मी माझ्या घरच्यांना हेच देते."

कपात कॉफी असायची. पावडरला कुजक्या गवताचा वास यायचा आणि पहिल्याच दिवशी तिने ती बेसिनमध्ये ओतून दिली होती. घरच्यांना तिने ती कधी दिली नव्हती. तिच्या घरचं असं एकच माणूस होतं. त्या माणसाने कोपऱ्यावरच्या दुकानातून डबा स्वतःच आणला होता, हे तिला ठाऊक नव्हतं.

ते तिला डोळ्यांच्या दवाखान्यात कळलं. तरुण डॉक्टरणीने मावशीच्या डोळ्यांत थेंब घातले, दिव्यातून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "शुगरच्या गोळ्या कधीपासून बंद केल्यात?"

"त्यांची आता गरज नाही. मी पावडर घेते."

"कुठली पावडर?"

"अहो, हिचीच!" मावशीने अंदाजाने मारियुक्सीकडे हात केला. "रोज टीव्हीवर सांगते की. बरोबर आहे म्हणा, तुम्हा डॉक्टर लोकांना सकाळी कुठला वेळ."

डॉक्टरणीने वर पाहिलं. मारियुक्सी आत येऊनही काळा चष्मा लावून बसली होती. तो काढावा हेही तिला सुचलं नाही. डॉक्टरीण पुन्हा आपल्या कामाला लागली. ही आपल्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मारियुक्सीला वाटलं. उजवा डोळा गेल्यातच जमा होता. डावा वाचवायचा प्रयत्न करता येईल, एवढंच डॉक्टरीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाआधी मारियुक्सी निर्माता ओस्वाल्दोच्या खोलीत गेली.

"मला ती पावडरची जाहिरात करायची नाही."

"कार्निवलपर्यंतचा करार आहे, राणी. सही तुझी आहे."

"लोक औषधं सोडतायत."

"कोण लोक?"

मावशीचं नाव तिच्या ओठांवर आलं, पण बाहेर पडलं नाही. "आहेत," ती म्हणाली.

"हे बघ, कॅमेरेवाल्यांची, मेकअपवाल्यांची, सगळ्यांची चूल या जाहिरातीवर पेटते. कार्निवलनंतर बघू. आता जा, केस नीट करून घे."

ती गेली. केस नीट करून घेतले. मध्यावर कप उचलला, घोट घेतला आणि त्या दिवशी फक्त 'घरच्यांना' हा शब्द गाळला. आपण फार मोठं काही केलं असं तिला क्षणभर वाटलं, आणि लगेच त्या वाटण्याची किळस आली.

पण दुसऱ्या दिवशीही तिने कप उचलला. पुढच्या आठवड्यातही, त्याच्या पुढच्याही. मावशीला ती स्वतः दवाखान्यात न्यायची, तिच्या गोळ्या स्वतः काढून द्यायची. बाजारातली सगळ्यात मऊ खुर्ची तिने मावशीसाठी आणली, भिंतभर टीव्ही आणला. मावशी त्या टीव्हीला नाक लावून बसायची आणि म्हणायची, "आज पिवळं घातलंयस ना? का केशरी?" मारियुक्सीला तिथे जेवण जाईना. मावशीने पुढ्यात ठेवलेला कच्च्या केळ्याचा तळलेला गोळा ती कुस्करत बसायची.

डाव्या डोळ्यावर लेझर झालं त्या दुपारी मावशी डोळ्याला पट्टी बांधून खुर्चीत बसली होती. ती एकदम म्हणाली, "मारी, एक सांगते. रागवायचं नाही हं."

"सांग."

"चूक माझीच आहे गं. ती पावडर फार कडू. मी गुपचूप चमचाभर साखर घालायची. तू बघ, तोंडसुद्धा वाकडं न करता पितेस. मला नाही जमलं. डॉक्टरणीपुढे बोलले नाही, म्हटलं उगाच तुझं नाव खराब होईल."

मारियुक्सी खाली फरशीवर बसली. "मावशी, त्यात कॉफी असते."

"कशात?"

"माझ्या कपात. पहिल्यापासून. ती पावडर मी कधी प्यायलेच नाही."

मावशी म्हणाली, "म्हणजे ते गवत मी एकटीच पीत बसले होते." तिच्या ओठांवर हसू येऊ पाहत होतं, ते मध्येच अडलं. "एकटी कुठली? आपल्या गल्लीतल्या दिग्नाला मीच दिलं. तिचा हात गेला ना नाताळाआधी, तोंड वाकडं झालं. आम्ही म्हणत होतो, वय झालं. प्रेशरच्या गोळ्या तिने माझ्या सांगण्यावरून सोडल्या, मारी. मीच म्हटलं तिला, माझी पोर खोटं बोलायची नाही."

"मी दिग्नाबाईंच्या उपचाराचं सगळं बघते."

"ते नंतर. आधी जाऊन सांग. ज्या ज्या घरात तो डबा आहे, तिथे."

"उद्या टीव्हीवरच सांगते ना, सगळ्यांना एकदम कळेल."

"टीव्हीवर तू काहीही सांगतेस," मावशी म्हणाली. ती खुर्चीतून उठली आणि हात पुढे केला. "धर मला. चल."

भर उन्हात मावशीचा हात धरून मारियुक्सी आपल्या जुन्या गल्लीतून निघाली. कोपऱ्यावरची दुकानदारीण धावत बाहेर आली, आधी फोटो काढून घेतला, मग सगळं ऐकलं आणि डोळा मारून म्हणाली, "कंपनीशी बिनसलं वाटतं?" न्हावी म्हणाला, त्याची शुगर पावडरनेच उतरली. गोळ्याही घेतो का विचारल्यावर म्हणाला, "घेतो की, बायको सोडू देईल तर ना!" एक बाई कपडे वाळत घालत होती. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग रोज कशाला सांगायचीस गं?" त्या बाईला राग आलेला नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मावशीने मारियुक्सीचा हात पुढे ओढला.

दिग्नाबाईंच्या घराचं दार त्यांच्या मुलीने, येसेनियाने उघडलं. म्हातारी झोळीवजा झोपाळ्यात पडून होती. मारियुक्सीला बघताच तिचा अर्धा चेहरा आनंदाने उजळला. टीव्हीवरची पोरगी आपल्या घरी आली होती. मारियुक्सी झोपाळ्याशी गुडघे टेकून बसली आणि तिने सांगितलं.

"पुन्हा सांग," येसेनिया मागून म्हणाली. "आईला कमी ऐकू येतं. मोठ्याने सांग."

मारियुक्सीने मोठ्याने सांगितलं. त्या अर्ध्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विझत गेलेलं तिने जवळून पाहिलं. दिग्नाबाई काहीतरी पुटपुटल्या.

"काय म्हणाल्या?"

"म्हणते, तुझ्या राणीच्या झग्यावरचे मणी मी टाचले होते," येसेनिया म्हणाली. "याच हाताने. आता जा तुम्ही दोघी."

परत येताना मावशी रस्त्यात थांबून रडली. मारियुक्सी तिला जवळ घ्यायला गेली, तर मावशीने तिचा हात बाजूला केला. चालायला मात्र तोच हात पुन्हा धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यक्रमाच्या मध्यावर मारियुक्सीने कप उचलला आणि कॅमेऱ्यापुढे तिरका धरला. "ही कॉफी आहे. रोज कॉफीच असते. ती पावडर मी एक दिवसही प्यायलेली नाही, आणि माझ्यावर विश्वास ठेवून माझ्या मावशीने औषध सोडलं, तिची नजर गेली. तुम्ही गोळ्या सोडल्या असतील तर आजच डॉक्टरकडे जा. माझं ऐकून काही—" तेवढ्यात गाणं सुरू झालं. काचेपलीकडे ओस्वाल्दो दोन्ही हातांनी डोकं धरून उभा होता.

मारियुक्सीची तब्येत बिघडली आहे असं वाहिनीने दुपारी जाहीर केलं. पुढच्या आठवड्यात तिच्या जागी दुसरी मुलगी आली. कंपनीचे वकील आले, भरपाईत तिचं समुद्राकडचं घर गेलं. पावडर काही दिवस दुकानांतून गायब झाली आणि मग निळ्या डब्यात, वेगळ्या नावाने परत आली. डब्यावर कुठल्याशा फुटबॉलपटूचा फोटो होता. मारियुक्सीला बायकांचे फोन येत राहिले. काहींनी आभार मानले, पण शिव्या देणाऱ्याच जास्त. एकीचे वडील गेले होते. मारियुक्सीने एकाही बाईचा फोन मध्येच ठेवला नाही.

आता ती मावशीच्याच घरी राहते. दुकानांच्या उद्घाटनांना, मुलींच्या थाटात साजऱ्या होणाऱ्या पंधराव्या वाढदिवसांना माइक धरते, लोकांना हसवते. मावशीचा डावा डोळा वाचला. त्याने तिला माणूस दिसतं, सुई दिसत नाही. तिने मारियुक्सीला क्षमा केली की नाही, हे दोघींपैकी कुणीच कधी बोललं नाही.

दिग्नाबाईंना व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं काम मारियुक्सीने स्वतःहून मागून घेतलं. येसेनियाने आधी दारातूनच हाकललं, मग कामावरून सुटी मिळेना म्हणून नाइलाजाने हो म्हटलं. मारियुक्सी म्हातारीला उचलून गाडीत बसवते, तिच्या आखडलेल्या बोटांत चेंडू धरून दाबायला लावते, तोंडावरून ओघळलेली लाळ पुसते. एकदा परत आल्यावर येसेनियाने दार अडवलं.

"आई उद्या धावायला लागली ना, तरी मी तुला माफ करणार नाही. एवढं लक्षात ठेव."

"हो," मारियुक्सी म्हणाली.

येसेनिया आईची चाकांची खुर्ची आत ओढून घेत म्हणाली, "आणि पुढच्या वेळी जरा लवकर येत जा. नंतर तिथे फार गर्दी होते."